गुबगुबीत मूल आणि निरोगी मूल

(दिंडोशी येथे संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्या शाळेत भूगोल शिकवतात, बी. ए., बी. एड.)



निकाल, शिष्यवृत्त्या आणि दहावीनंतरच्या वाटा यांवर बोलणारे जाणकार वक्ते आज व्यासपीठावर आहेत. मला चिटणीस साहेबांनी मुलांच्या आरोग्यावर थोडे बोलायला सांगितले. मी डॉक्टर नाही, भूगोल शिकवणारा शिक्षक आहे. तेव्हा औषधपाण्याविषयी एक शब्दही बोलणार नाही. वर्गात जे रोज दिसते आणि तज्ज्ञांनी जे शोधून ठेवले आहे, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो. विषय आहे मुलांच्या वाढत्या वजनाचा.

विषय ऐकून मागच्या रांगेत थोडे हसू उमटले. ते साहजिक आहे. आपल्या वस्तीत वजन वाढणे हा रोग कधी मानलाच गेला नाही. माझी दादी रत्नागिरीकडच्या खेड्यातली. भाद्रपदात नवे भात यायच्या आधी घरातली कणगी तळाला लागायची, ते दिवस तिने काढलेले. तिच्या लेखी गुबगुबीत नातू म्हणजे अल्लाहची मेहेरबानी. "पोरगा अंगाने भरला" हे तिच्या तोंडून निघालेले सर्वांत मोठे कौतुक. ज्याने उपासमार पाहिली आहे, त्याने मुलाच्या ताटात एक चमचा जास्त वाढला तर त्याला मी दोष देणार नाही. पण कणगीचे दिवस गेले आणि दारात पुड्यांच्या माळा आल्या. मोजमाप मात्र आपण जुनेच वापरतो आहोत.

आता एक प्रसंग सांगतो. तो माझ्या चुकीचा आहे.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने जाड म्हणावा असा, पण फार नव्हे. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा, जाडसर पट्टा दिसायचा. मला वाटले मळ आहे. एक दिवस फळ्याकडे बोलावले असताना मी त्याला सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "मान जरा घासून आंघोळ करत जा रे." वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी आली. ती भांडायला आली नव्हती. खाली मान घालून म्हणाली, "सर, घासून घासून कातडी सोलवटली त्याची. डाग जातच नाही." मग कोणी तरी सांगितले म्हणून ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मान पाहताच रक्त तपासायला सांगितले. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. वय तेरा.

तो मळ नव्हता. आपण खातो त्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते. ती पेशींत पोचवण्याचे काम इन्सुलिन नावाचा रस करतो. पोटात आणि यकृतात मेद साठू लागला की इन्सुलिनचा असर कमी होतो. मग शरीर ते अधिकाधिक तयार करते, आणि रक्तातल्या या जादा इन्सुलिनमुळे मानेवर, काखेत, जांघेत कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड होते. साबणाने ती जात नाही. जिच्या मुलाच्या मानेवर असा पट्टा आहे त्या आईने घासणी खाली ठेवावी आणि मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. आजच्या भाषणातले एवढे एकच वाक्य लक्षात राहिले तरी चालेल.

त्या मुलाची मी माफी मागितली, पण शिक्षकांच्या खोलीत, एकट्यात. वर्गासमोर मागायला हवी होती. आज त्याच्या आणि त्याच्या अम्मीच्या परवानगीने, नाव न घेता, इथे सांगतो आहे.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले २०१५-१६ साली शेकडा १.९ होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ४.१ झाली. आकडा लहान दिसतो, पण चार-पाच वर्षांत दुपटीहून जास्त झाला. आणि याच पाहणीत, याच महाराष्ट्रात, शंभरांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. म्हणजे उपासमार गेली आणि सुबत्ता आली, असा हा सरळ हिशेब नाही. दोन्ही एकाच वस्तीत, कधी कधी एकाच घरात नांदतात. थोरला जाड, धाकटी हडकुळी, आणि दोघांच्याही रक्तात लोह कमी. जगाची गतही तीच आहे. २०२५ साली युनिसेफने जाहीर केले की ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण, शेकडा ९.४, हे कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापेक्षा, शेकडा ९.२ पेक्षा, प्रथमच पुढे गेले.

आणखी एक सरकारी पाहणी २०१६ ते २०१८ या काळात झाली. तिच्यात १० ते १९ वयाची शेकडा ५ मुले जादा वजनाची निघाली. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली मुले शेकडा १० होती. मी हे दोन आकडे पुन्हा पुन्हा वाचले. जाड मुले पाच आणि बिघडलेल्या साखरेची दहा, हे कसे?

याचे उत्तर आपल्याच राज्यात, पुण्यात सापडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या शेतावर राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बाया होत्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहरातली बाळे सरासरी ३.५ किलोची. आपली बाळे हडकुळी, हे अपेक्षितच होते. पण बारकाईने मोजले तेव्हा दिसले की आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. वजनाने बारीक आणि आतून मेदयुक्त, असे हे भारतीय बाळ. हेच डॉ. याज्ञिक पुढे २००४ साली लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहिले आणि दोघांचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन काढण्याचे जे माप आहे, ते दोघांचेही अगदी सारखे, २२.३. पण शरीरातला मेद मोजला तर साहेबांचा शेकडा ९.१ आणि आपल्या डॉक्टरांचा शेकडा २१.२. मला तो फोटो फार आवडतो. स्वतःचे पोट पुराव्यादाखल पुढे करायला धैर्य लागते.

याचा अर्थ आपल्यासाठी काय? गोऱ्या माणसासाठी आखलेली धोक्याची रेषा आपल्याला उपयोगाची नाही. आपली रेषा अलीकडे आहे. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे वेगळे तक्ते काढले आणि त्यांत जादा वजनाची रेषा खाली ओढली. "थोडासाच तर जाड आहे" असे आपण म्हणतो तेव्हा तो कदाचित रेषा ओलांडून गेलेलाही असतो. कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाला बाळसे धरावे म्हणून तूप-साखर चारण्याची आपली रीत आहे. तिचाही फेरविचार करायला हवा. अशा मुलाला बळ हवे असते ते डाळ, अंडे, मासळी, दूध यांचे.

धोके फार लांबवून सांगत नाही. मधुमेह सांगितलाच. यकृतात मेद साठतो, आणि तो दारू न शिवणाऱ्या मुलाच्याही यकृतात साठतो. रक्तदाब वाढतो. गुडघे आणि खुबे दुखतात. झोपेत मूल मोठ्याने घोरते, मध्येच श्वास अडकून दचकते, आणि दिवसा वर्गात पेंगते. आम्ही त्याला आळशी म्हणतो. वयात येणाऱ्या मुलींची पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस येतात. ही गोष्ट घरात कुणी बोलत नाही, लग्नाची बोलणी सुरू होईपर्यंत झाकून ठेवतात. अम्मींनो, ती झाकू नका. तिच्यावर उपाय आहेत. आणि "मोठा झाला की आपोआप उतरेल" हा समज बहुतेकांच्या बाबतीत खोटा ठरतो. जाडी घेऊन किशोरवय ओलांडलेली मुले बहुधा जाडच राहतात.

आता कारणांकडे येऊ. इथे माझा भूगोल कामाला आला. नकाशावाचनाचा धडा शिकवताना मी नववीच्या मुलांना शाळेच्या भोवतालचा नकाशा काढायला सांगितला. पठाणवाडीकडून येणारी वाट, कुरारकडचा चढ, संतोष नगरची बाजू, हायवे. ज्याला जिथून शाळेत यायचे तो रस्ता त्याने काढायचा, वाटेत खायचे काय मिळते आणि खेळायला जागा कुठे आहे, ते खुणांनी दाखवायचे. नकाशे आले तेव्हा खाण्याच्या खुणा एकमेकींवर चढल्या होत्या. वडापाव, समोसा-पाव, चायनीज भेळ, फ्रँकी, शोरमा, थंड पेयाचा फ्रीज, आणि प्रत्येक किराणा दुकानाच्या दारात लटकणाऱ्या पाच-पाच रुपयांच्या पुड्या. खेळाच्या मैदानाची खूण बहुतेकांनी काढलीच नव्हती. एका मुलाने पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल काढले आणि खाली लिहिले, "इथे खेळता येत नाही, बिबट्या आहे." आम्ही हसलो. पण त्याने वस्तीचा भूगोल बरोबर मांडला होता.

कायद्याने काय सांगितले आहे तेही ऐका. राज्य शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून तळकट, खारट, अतिगोड पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. २०२० साली केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई केली. आपल्या फाटकापासून ५० मीटर म्हणजे कुठपर्यंत, ते त्याच मुलांनी टेप लावून मोजले आहे. तो नकाशा संस्थेच्या कार्यालयात आहे. पण दुकानदारावर सगळे ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. पाच रुपये मुलाच्या हातात कोण ठेवते? पहाटे कामावर जाणारा अब्बू आणि चार घरची कामे किंवा शिवण आटपणारी अम्मी. डबा करायला वेळ नसतो, म्हणून पैसे. सकाळी चहात बुडवलेली खारी किंवा पाव, मधल्या सुट्टीत पुडी, शिकवणीला जाताना वडापाव, आणि दिवसाचे पहिले खरे जेवण रात्री दहाला. ही आळशीपणाची कहाणी नाही, वेळ नसल्याची आहे. ते मी जाणतो.

तरी हिशेब करू या. थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. तेवढी साखर आपण चहात घातली तर मूल तोंड वाकडे करील. तेलाचेही तसेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत २००० कॅलरींच्या ताटाला दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. म्हणजे माणशी महिन्याला लिटरभरही नाही, आणि त्यात बाहेर खाल्लेले तळणही आले. पाच माणसांच्या घरात महिन्याला किती पिशव्या लागतात, ते आज रात्री घरी जाऊन मोजा.

रमजानचा विषय काढल्याशिवाय हे पुरे होणार नाही. दिवसभर रोजा ठेवणारी मुले महिनाअखेर वजनाने वाढलेली मी पाहिली आहेत. दोष रोज्याचा नाही, इफ्तारच्या दस्तरखानाचा आहे. खजूर आणि पाणी यांनी रोजा सुटतो. पुढची भजी, समोसे, कटलेट आणि लाल सरबताचा जग ही आपली भर आहे. फळे कापून ठेवली तर मुले तीही खातात, असा माझ्या घरचा अनुभव आहे. पहिले चार दिवस कुरकुर झाली, एवढेच.

खाण्यावर फार बोललो, हालचालीवर बोलतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वर्षांच्या मुलाने दिवसातून ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. चाळीत आणि टेकडीवरच्या वस्तीत आम्ही राहत होतो, तेव्हा पाणी भरायला, दुकानात, नमाजला, दिवसातून दहा वेळा चढउतार व्हायचा. आता पुनर्वसनाच्या इमारतीत लिफ्ट आली. ती म्हाताऱ्यांसाठी मोठी सोय आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या बारा वर्षांच्या मुलाला तिची गरज काय? संध्याकाळ शिकवणीत जाते आणि रात्र मोबाईलमध्ये. झोप कमी झाली की भूकही वाढते. या वयाला आठ तास झोप लागतेच.

आणि मुली. आपल्या नकाशाच्या प्रयोगात मुलींनी काढलेले नकाशे मुलांपेक्षा लहान होते. घर आणि शाळा, मध्ये एक रेघ. सातवीपर्यंत गल्लीत लंगडी खेळणारी मुलगी आठवीत घरात बसते. खेळ बंद, सायकल बंद, शाळेत यायलाही रिक्षा. मग दोन वर्षांनी तीच आई विचारते, "सर, हिचे वजन का वाढते? ही तर काहीच खात नाही." ती खरेच फार खात नाही. तिला चालायलाच कोणी देत नाही. पडदा आणि व्यायाम यांचे भांडण नाही. चार भिंतींत दोरीच्या उड्या मारता येतात, गच्चीवर चालता येते, आणि शाळेचे पटांगण मुलींसाठी वेगळ्या वेळेला मोकळे ठेवता येते. ही शेवटची विनंती मी पदाधिकाऱ्यांना जाहीरपणे करतो आहे, त्यांनी रागावू नये.

रागवायचेच तर आमच्यावर रागवा. खेळाचा तास आठवड्यातून दोनदा वेळापत्रकात छापलेला असतो. अभ्यासक्रम मागे पडला की आम्ही शिक्षक तो मागून घेतो. मीही घेतला आहे. नद्यांची खोरी शिकवण्यासाठी मुलांना पटांगणातून वर्गात आणून बसवले आहे. या वर्षी जूनपासून मी तो तास घेणे बंद केले. माझा अभ्यासक्रम चाचणीपर्यंत पुरा झाला, हे मुख्याध्यापक साहेब सांगतील.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. वर्गातल्या जाड मुलाला नावे ठेवू नका. चिडवल्याने कोणी बारीक होत नाही. तो खेळाच्या तासाला पोटदुखीचे निमित्त करून बसून राहतो आणि आणखी जाड होतो. त्याला संघात घ्या, गोलात उभा करा, पण घ्या. दुसरी गोष्ट, वाढत्या वयात उपाशी राहू नका. काही मुली दुपारचा डबा परत नेतात आणि मोबाईलवर पाहिलेली चूर्णे मागवतात. त्याने उंची खुंटते, चक्कर येते आणि वजन पुन्हा येते. वाढत्या मुलाचे वजन बहुधा उतरवायचे नसते. ते काही काळ आहे तिथे थांबवले की उंची वाढत जाते आणि माप आपोआप बरोबर येते. घरातल्या एका मुलासाठी वेगळे पथ्य करू नका, पालकहो. सगळ्या घराची पातेली बदला. तांदळाची भाकरी, मासळीचे कालवण, मसूर, पालेभाजी, हे आपलेच जेवण आहे. परके काही आणायचे नाही.

घरी करण्याजोगी एक तपासणी सांगतो. शिंप्याची टेप घ्या. मुलाची उंची मोजा, मग बेंबीच्या जरा वर कमरेचा घेर मोजा. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. उंची १४० सेंटिमीटर असेल तर कंबर ७० च्या आत. निम्म्याहून जास्त भरली तर, किंवा मानेवर तो पट्टा दिसला तर, किंवा मूल झोपेत श्वास अडकून जागे होत असेल तर, जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. घरी मधुमेहाचा रुग्ण असेल तर वाटच पाहू नका.

ज्यांच्याकडे टेप नाही किंवा ज्यांना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांनी येत्या दोन शनिवारी सायंकाळी चार ते सहा शाळेची प्रयोगशाळा उघडी ठेवायचे मान्य केले आहे. मुलींचे मोजमाप शिक्षिका घेतील. आकडा एका चिठ्ठीवर लिहून पालकांच्या हातात दिला जाईल, मोठ्याने वाचला जाणार नाही. पहिल्या शनिवारी सर्वांत आधी माझे माप घेतले जाईल. माझी उंची १६८ आहे. कमरेचा आकडा मी आज सांगत नाही.